अर्धे सोडून उठू नये

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा तोच आवाज! लेक गाडी फाटकातून आत घेत होती आणि ही स्वयंपाकघरातून ओरडली — "मागचं उजवं चाक! ब्रेकचे पॅड संपलेत, डिस्कला खातायत." लेकीला काही ऐकू आले नव्हते. मलाही नाही. मग लेकीने वाकून चाकाच्या आरांमधून पाहिले. चकतीवर नांगरल्यासारख्या रेघा.

सकाळी हिनेच मला दोनदा विचारले होते, आई जेवली का. हिची आई जाऊन दोन तपे लोटली.

भगवंता, ही कसली वाटणी? माणसांची ओळख काढून घेतोस आणि लोखंडाची ठेवतोस!

बुधवार, ५ मार्च

सारी हयात हिने गॅरेज चालवले, मी शाळेत संस्कृत शिकवले. नवऱ्याच्या बोटांना शाई, बायकोच्या बोटांना ग्रीस — लोक हसत, आम्हीही हसत असू. मला गाडी चालवता येत नाही. कधी गरजच पडली नाही. आता डॉक्टरांनी हिची किल्ली काढून घेतली आहे. गाडी लेक चालवते.

आज ही हट्टाला पेटली — मागच्या दोन्ही डिस्क मीच बदलणार. लेक म्हणाली, "अगं आई, गेल्या महिन्यात गॅस तसाच चालू ठेवून तू बागेत जाऊन बसली होतीस!" ही म्हणाली, "मग? तो गॅस काय माझ्या गॅरेजात होता?"

लेकीने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, हातांना जे येते ते हातांकडून काढून घेऊ नका. फक्त कुणीतरी शेजारी बसा. तेव्हा लेक नरमली. मला मात्र बाजूला घेऊन तिने बजावले — "बाबा, तुम्ही एकेक पायरी मोठ्याने वाचायची, मग आईने करायचं. आणि यातून काही विपरीत घडलं, तर माझं ऐकायचं. आई सेवागृहात जाईल. मला तुम्हा दोघांच्या काळजीने झोप लागत नाही हो."

मी शब्द दिला. दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

कामाच्या पायऱ्या छापून आणल्या आणि तीनदा वाचल्या. कोण्या तज्ज्ञाने लिहिल्या असतील त्याला माझा नमस्कार! सूत्रे असावीत तशी आहेत. एक शब्द अधिक नाही.

गोष्ट अशी आहे. पूर्वी हँडब्रेकची दांडी असे. ओढली की तार ताणली जाई. या गाडीत दांडीच्या जागी नखाएवढे बटण आहे, आणि मागच्या प्रत्येक चाकापाशी, डिस्कला चिमट्यासारखे धरणाऱ्या कॅलिपरच्या पाठीवर, एक लहानशी मोटर. ती पिस्टनला रेटते, पिस्टन पॅडला, आणि पॅड डिस्कला आवळतो. म्हणून कामाच्या आरंभी, हिच्याकडच्या हातात धरायच्या यंत्राने, मोटरला आज्ञा देऊन मागे न्यावे लागते. काम पुरे होईतो तिने तिथेच राहायला हवे. मध्येच आज्ञा फिरवली तर पिस्टन बाहेर येईल, मग समोर पॅड असो वा नसो.

मी म्हणालो, म्हणजे हँडब्रेक समाधीत जातो.

"समाधी कसली, शास्त्रीबुवा! झोपवायचं त्याला. आणि आपण उठवेपर्यंत घरात दंगा करायचा नाही." मग स्वतःशीच पुटपुटली, "दांडी होती ते बरं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ही मला शास्त्रीबुवा म्हणते. अजून विसरलेली नाही.

शनिवार, ८ मार्च

हत्यारे पुसून ओळीने मांडली. आज दिवसभरात एकदाही आईची चौकशी नाही.

रविवार, ९ मार्च

आज लिहवत नाही.

मंगळवार, ११ मार्च

लिहिले पाहिजे. कागदापाशी तरी लपवाछपवी नको.

रविवारी सकाळी प्रातःपठण आटोपून आम्ही कामाला लागलो. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. मी चालकाच्या आसनावर बसलो, यंत्र गाडीला जोडले, आज्ञा दिली. मागून दोन बारीक कण्हण्यासारखे आवाज आले आणि थांबले. "झोपला," ही म्हणाली. मग जॅक, मग आधाराच्या घोड्या, मग चाक. मी दार उघडे ठेवून वाचत होतो आणि ही करीत होती. खरे तर मी वाचण्याआधीच हात पुढे जात. डिस्क गंजाने धरून बसली होती. हिने हातोडीने फिरवून फिरवून ठोकले, "निघ गं बाई, तुझंच घर आहे का हे," असे तिला समजावले — आणि ती निघाली! मागचा गंज तारेच्या ब्रशाने घासला. नव्या डिस्कवरचे तेल फवाऱ्याने धुऊन पुसले. तेल राहिले तर ब्रेक लागत नाहीत. डावी बाजू पुरी झाली तेव्हा हिच्या गालाला काजळी लागली होती आणि ही गुणगुणत होती. कितीतरी दिवसांनी ही मला पूर्ण दिसली.

उजवी बाजू. चाक काढले, पॅड काढले, जुनी डिस्क निघाली. ही कॅलिपर हातात धरून पिस्टनभोवतीची घाण बोटाने काढीत होती.

तेवढ्यात घरात फोन वाजला. लेकच असणार, उचलला नाही तर धावत येईल. मला उठायचे होते.

आमच्या गुरुजींनी बाळपणी घालून दिलेला दंडक आहे — आरंभलेले पठण अर्धे सोडून उठू नये. उठणे भागच पडले तर समाप्तीचा श्लोक म्हणावा, पोथी मिटावी, मग आसन सोडावे. हजारो वेळा मी तसे केले आहे. विद्यार्थ्यांकडून करवून घेतले आहे. परवाही तेच केले. कागदाची घडी घातली. पुटपुटत समाप्तीचा श्लोक सुरू केला. यंत्राच्या पडद्यावर 'समाप्त' असे लिहिलेले होते, त्यावर बोट ठेवले. त्याने विचारले, नक्की? खाली आणखी एक ओळ होती — पिस्टन पुढे येईल, हात दूर ठेवा. जन्मभर लोकांना पाठभेद दाखवीत आलो आणि ती एक ओळ वाचली नाही! मी होकार दिला.

मोटर कण्हली. मग ही.

शेजारच्या वकिलांनी आपल्या गाडीतून रुग्णालयात नेले. उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून गेली. लेक धापा टाकीत आली — "काय झालं? कसं झालं?"

मी तोंड उघडले. खरोखर उघडले होते. पण ही आधी बोलली. "माझंच चुकलं गं. मध्येच उठून मीच ते बटण दाबून आले. विसरले बघ, की हात घालायचाय."

लेकीने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

मला वाटले, वेदनेच्या भरात बोलते आहे. आत्ता नको, मग सांगू. असे वाटले म्हणून मी गप्प राहिलो, असे लिहिणेही सोयीचेच आहे.

बुधवार, १२ मार्च

पठण झाले नाही. समाप्तीचा श्लोक आला की जीभ अडते.

गुरुवार, १३ मार्च

लेकीने सेवागृह पाहून ठेवले आहे. सोमवारी न्यायचे. म्हणाली, खोली हवेशीर आहे, खिडकीतून झाडे दिसतात. सांगताना रडत होती.

मी तिला समोर बसवले आणि सारे सांगितले. फोन, श्लोक, बोट, होकार. काही गाळले नाही.

ती ऐकत राहिली. मग माझा हात हातात घेतला. "बाबा, तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत. म्हणून तर लगेच कळतं हो. जमत नाही तुम्हाला."

"अगं, हे सत्य आहे!"

"आईने स्वतः सांगितलंय. तुम्ही तेव्हा तिथेच उभे होतात, का नाही बोललात?"

मी हिच्या खोलीच्या दाराकडे पाहिले.

"आईने स्वतःच्या तोंडाने सांगावं, की मी नाही, बाबांनी दाबलं. त्या दिवशी आईला घरी ठेवते आणि वाटल्यास तुमच्या हातून ते यंत्र काढून घेते. पण आईने सांगायला हवं."

आत जाऊन हिला विचारले. ही पलंगावर बसून चादरीच्या घड्या घालीत होती, उलगडीत होती. म्हणाली, "मीच दाबलं. उगाच मोठेपणा घेऊ नका."

सत्य सांगून ज्याच्यावर विश्वास बसत नाही, अशा माणसाची गती शास्त्रात कुठे सांगितली आहे? शोधतो आहे. सापडत नाही. सत्याची वेळ टळली की ते सत्य राहत नाही, एवढेच कळते.

शनिवार, १५ मार्च

आज दुपारी लेक कामावर असताना ही अंगणात जाऊन उभी राहिली. गाडी रविवारपासून तशीच, एका चाकाविना, घोडीवर.

"शास्त्रीबुवा, अर्धं सोडून उठू नये ना? तुमचंच ना हे?"

आज डोळे लख्ख होते. मी ओळखतो ते दिवस.

"तू कशी करणार?" हिचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता.

"मी कुठं करणार. तुम्ही करा. मी वाचते."

वाचते कसली — कागद हाती घेतलाच नाही. उलट्या बादलीवर बसली आणि मुखोद्गत सांगत गेली. मी आत जाऊन मोटरला पुन्हा मागे धाडले. पिस्टन बाहेर डोकावत होता. "ओला आहे का बघा. नाही? मग रबर शाबूत आहे. शिकंजा लावा, सावकाश दाबा. सावकाश! चिंच नाही पिळायची." कॅलिपरच्या कडेवर वाळलेले, काळपट असे काही होते. मी फवारा मारून पुसले. हिने ते पाहिले, मी पाहिले.

डिस्क बसवली. उलटी बसवत होतो. "अहो, टोपी कधी उलटी घालता का?" पॅड बसवले. चाक चढवून नट समोरासमोरचे घट्ट केले. नखात काळे गेले. हिने माझी बोटे पाहून मान हलवली. "आता शोभता माझे नवरे."

मग चालकाच्या आसनावर बसलो. पायाखालची ब्रेकची पट्टी वारंवार दाबून घट्ट केली. उरली अखेरची पायरी. पडद्यावर तोच शब्द. माझे बोट उचलेना.

ही मागून उठून काचेसमोर आली. चांगला हात वर केला, झोळीतला हातही वर केला, मला दिसेल असा.

"दाबा. या वेळी हात बाहेर आहेत."

मी दाबले. मोटर कण्हली, थांबली. मग हिचे शब्द मला नीट ऐकू आले. या वेळी!

"तुला ठाऊक आहे!"

"तुमचा शेवटचा श्लोक ऐकला ना मी. संसारात रोज ऐकलाय. श्लोक आणि मोटर एकदमच आली."

"मग लेकीला असे का सांगितलेस?"

ही बादलीवर परत बसली. "तुमच्या डोक्यात ते जन्मभर राहिलं असतं. माझ्या डोक्यात काही राहत नाही. म्हणून मी घेतलं. कुठंतरी ठेवायलाच हवं होतं ना."

"पण तुला घर सोडावे लागते आहे!"

"तेही विसरेनच की."

मी विनवले, रागावलो, देवाची शपथ घातली. ऐकेना. सुंभ जळाला तरी पीळ तसाच.

सोमवार, १७ मार्च

सोडून आलो. लेकच चालवत होती. फाटकाबाहेरच्या उतारावर तिने ब्रेक दाबले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागून ही खुदकन हसली. "बघ. लागतात की नाही?"

खोली हवेशीर आहे. झाडेही दिसतात. निघताना हिने माझी बाही धरली. घट्ट. आवाज अगदी लहान झाला होता. "इथं सगळे अनोळखी आहेत हो. मला घरी न्या. मी सांगते तिला. खरं काय ते सांगते."

लेक तोवर खाली गाडी वळवायला गेली होती. धावू गेलो तर माझ्याने धाववले नाही. तिला म्हणालो, आई सांगणार आहे. तिने डोळे पुसले. "रविवारी येऊ ना बाबा आपण. रविवारी सांगू दे."

गुरुवार, २० मार्च

आज पठण पुरे केले. समाप्तीच्या श्लोकापर्यंत. हिची खोली झाडून ठेवली, हत्यारांना तेल दिले.

रविवार, २३ मार्च

लेक हिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. मी म्हणालो, "सांग."

हिने झोळीतला हात बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला. मग लेकीला विचारले, "हे कधी झालं गं?"