धुतलेला कोट

६ मे

ताईच्या बेटावर पोचले एकदाची. आल्या आल्या ताईचा कोट अंगावर चढवला आणि नाक धरलं! मासे, शेवाळ, बदकांची घाण, चौतीस वर्षांचा घाम. पण दुसरा इलाज नाही. आयडर बदकं माणसाला ओळखत नाहीत, कोटाला ओळखतात. दर वसंतात समुद्रातून वर येतात, आमच्या दारात अंडी घालतात, आणि ह्या तपकिरी कोटाला तेवढं घाबरत नाहीत.

चार दिवसांपूर्वी ताई ओल्या शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तरी बयेनं हेलिकॉप्टर उतरू दिलं नाही — पक्षी बिथरतील! सामान पोचवणाऱ्या आयलर्टच्या होडीत फळीवर आडवी होऊन हॉस्पिटलात गेली. तिथून मला फोन. "आसा, तू जा. कोट खुंटीवर आहे." इतकंच. मागनहिलताईनं जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं.

९ मे

दगडांची घरकुलं साफ केली, आत वाळलेलं शेवाळ अंथरलं. उलटी ठेवलेली जुनी होडी, तिच्याखालीही सहा जागा केल्या. हातोडा मारायचा नाही, पळायचं नाही, चुलीचा धूर होऊ द्यायचा नाही. रोज त्याच वाटेनं जायचं, तेच गाणं गुणगुणत. ताई चर्चमधलं एक अर्धवट गाणं म्हणते. माझा सूर लागत नाही, पण पक्षी बिचारे चालवून घेतात.

पायरीखाली सगळ्यांत म्हातारी बसली आहे, चोचीचा टवका उडालेली. ताई तिला आजी म्हणते. बारा वर्षं त्याच जागी येते. कोटाच्या बाहीला चोच घासते.

पिल्लं फुटून समुद्रात गेली की मागे राहिलेली मऊ पिसं आपली. दोन वर्षांची पिसं जमतात तेव्हा कुठे एक दुलई होते. आईनं केली, आमच्या खऱ्या आजीनं केली. युद्धात जर्मन शिपायांनी सगळी अंडी खाल्ली, तीन वर्षं एक पक्षी फिरकला नाही. तरी आमची आजी दर वसंतात रिकाम्या घरकुलांत शेवाळ अंथरत राहिली. हे मी लहानपणी हजारदा ऐकलं आणि कंटाळून शहरात पळाले.

१३ मे

त्रेचाळीस माद्या बसल्या! संध्याकाळी सहाला घरामागच्या खडकावर चढून ताईला फोन केला. तिथेच तेवढी रेंज येते.

डॉक्टर तिला उभं करायला बघताहेत, ती ढिम्म. नगरपालिकेची बाईही येऊन गेली — वृद्धाश्रमात खोली आहे, समुद्र दिसतो वगैरे. ताईनं तिला सांगितलं, बेटावर पक्षी आहेत तोवर मी बेटावर. माझ्याकडून आकडा ऐकला आणि म्हणाली, "त्रेचाळीस? मग उद्या उभी राहते."

१७ मे

देशाचा सण. सगळीकडे झेंडे आणि मिरवणुका, आमच्या बेटावर झेंडा नाही. फडफडतो ना! पिल्लं गेली की जूनअखेर लावायचा. आपला सणसुद्धा बदकांच्या सोयीनं.

आयलर्ट सामान घेऊन आला. लांबूनच इंजिन बंद करतो, शेवटचा टप्पा वल्ही मारत येतो. त्याला सणाची कॉफी दिली, रव्याची लापशी दिली. विधुर आहे, बोलका आहे, दात शाबूत आहेत. केस विंचरून ठेवले होते मी. तर निघताना म्हणतो कसा, "आसा, तुझ्या बहिणीचा कोट तुझ्याआधी धक्क्यावर येतो बरं का स्वागताला." आणि हसला.

मी पण हसले. मग आत येऊन आरशात बघितलं. तीस वर्षं हॉटेलच्या धुलाईत काढली मी! माझ्या हातची चादर नाकाला लावून बघायचे लोक.

१८ मे

कोट धुतला.

१९ मे

काल त्यापुढे लिहवेना. आज लिहिते, सगळं.

सकाळी आजीनं बाहीला चोच घासली होती. नंतर फेरी संपली आणि मला वाटलं, आता उद्यापर्यंत कोटाचं काम नाही. जित्याची खोड! दोनदा साबण लावला, काळं पाणी निघालं, बरं वाटलं मला. घर आणि नौकाघर यांच्यामधल्या दोरीवर कोट टाकला. ऊन होतं, वारा नव्हता.

दुपारी वारा सुटला. दोन्ही बाह्या हवेत, माणूस हात वर करून धावत येतोय असा तो कोट! झेंडा लावला नाही आणि कोट लावला. पक्षी उठताना खिडकीतून दिसले. मग मी दुसरा मूर्खपणा केला. स्वतःचं लाल जॅकेट घालून बाहेर पळाले, कोट काढायला. पळाले! लाल रंगात! जे बसून होते तेही उठले.

पाठोपाठ कावळे आले, काळ्या पाठीचे मोठे कुरव, समुद्रावरचे अंडीचोर, तेही आले. मी ओरडत, दगड मारत धावले, म्हणजे उरलेसुरलेही मीच उठवले. कवचं सगळीकडे. एक कावळा माझ्यासमोर अंडं घेऊन बसला आणि उडालाही नाही.

पायरीखाली पाच अंडी शाबूत होती. आजी समुद्रात लांब, तोंड बेटाकडे करून. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. ती आली नाही. अंडी गार पडायला लागली तेव्हा उचलून आत आणली. ताईच्या पलंगावरच्या दुलईत गुंडाळली, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या.

आज बसलेल्या माद्या मोजल्या. सतरा.

मी केलं. वाऱ्यानं नाही, कावळ्यांनी नाही. मला एका पुरुषासमोर छान वास यायला हवा होता. बासष्टाव्या वर्षी!

त्याच दिवशी, सहा वाजता

"किती?" ताईनं विचारलं.

"त्रेचाळीस."

"आजी?"

"बसली आहे."

"आज चार पावलं टाकली मी," ताई म्हणाली.

२४ मे

काही माद्या परत आल्या. आता एकूण चोवीस. त्याच्या पुढे नाही. आजी नाही.

धुतलेला कोट घालून फिरते. पक्षी माना वर करतात. त्यांना तो अनोळखी वाटतो की मला तसं वाटतं, कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं.

अंडी दर तीन तासांनी फिरवते, पाणी बदलते. गजर लावून उठते. मध्यरात्रीही बाहेर उजेड असतोच, इतक्या उत्तरेला मे महिन्यात अंधार कुठला!

३० मे

फोनवर मी पुन्हा त्रेचाळीस म्हणाले. तिनं सतरा पावलं सांगितली.

४ जून

आज ठरवून खडकावर चढले होते की सांगून टाकायचं. तेवढ्यात फोन नर्सनं घेतला. कौतुकानं म्हणाली, तुमची बहीण कॉरिडॉरमध्ये पावलं मोजत नाही, पक्षी मोजते. एक पाऊल, एक पक्षी. त्रेचाळीसपर्यंत जायचंय म्हणते.

मी काही सांगितलं नाही.

९ जून

फुटली! पाचातली चार! ओली, काळी, बोटभर. एकाचा पाय कवचात अडकला, मी ओढला — ओढायला नको होता. उजव्या पायाचा पडदा फाटला. माझा हात लागेल तिथे नुकसान आहे. पण चालतंय. पहिलं तेच चाललं.

मी त्या वेळी लाल जॅकेट घातलेलं होतं. घरात गारठा होता म्हणून. आणखी काही कारण नाही.

१२ जून

लाल जॅकेट म्हणजेच त्यांची आई; ते हलेल तिथे चौघं. संडासात सुद्धा! किनाऱ्यावर नेते, गुडघाभर पाण्यात उभी राहते, ती बुड्या मारून शिंपले काढतात आणि परत जॅकेटपाशी. कोट घालून बघितला. चौघंही पलंगाखाली.

१५ जून

आयलर्टनं बघितलं. मी पाण्यात आणि मागे वरात. वल्ही तशीच धरून बसला. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अगदी त्याच्या चेष्टेपासून.

म्हणाला, चेष्टा माझी होती, त्यातलं निम्मं पाप माझं. मी म्हटलं, पाप वाटून घ्यायला ते काय सणाची लापशी आहे? साबण माझा होता. मग हलक्या आवाजात तो म्हणाला, "मी आपणहून सांगणार नाही. पण मागनहिलनं विचारलं तर खोटं बोलणार नाही. सांग तिला, आसा. येण्याआधी सांग."

नाही सांगितलं.

२९ जून

ताई आली.

दोन कुबड्यांवर. धक्क्यावरून थेट घराकडे नाही, वाटेवरून एकेका घरकुलापाशी. वाकता येत नाही, तर कुबडीनं शेवाळ उकरायची. पिसं आहेत की नाहीत. मी मागे मागे. उलट्या होडीपाशी दोन जागांत पिसं होती, चार रिकाम्या.

दारात खुंटीवरचा कोट घेऊन तिनं नाकाला लावला. तेवढ्यात चौघं पिल्लं पायरीवरून आली, कोट बघून पांगली, आणि तिच्या दोन्ही कुबड्यांमधून पळत माझ्या लाल जॅकेटाखाली घुसली.

ताई पायरीवर बसली. हात खाली घालून आजीची जागा चाचपली.

मी सांगितलं. साबण, दोरी, वारा, आयलर्ट, सतरा, चोवीस, सगळं. रडले. ती रडली नाही.

"पक्षी गेले ते गेले," ती म्हणाली. "जर्मनांच्या वेळीही गेले होते. पण तू मला नसलेल्या पक्ष्यांवर चालवलंस, आसा. रोज."

मी म्हटलं, खरं सांगितलं असतं तर तू उठली नसतीस, ताई.

"ते मी ठरवलं असतं ना?"



३० जून

जा म्हणाली. गेले.

होडी धक्क्यापासून सुटली आणि चौघं पाण्यात. आमच्या मागे! आयलर्ट वल्ही मारेना. "अशी उघड्या समुद्रात येतील," म्हणाला, "गरुड बसलाच आहे वर." धक्क्यावर ताई उभी.

मी जॅकेट काढलं, गोळा करून फेकलं. पडलं नेमकं तिच्या पायाशी. कुबडी टाकून, कशी वाकली देव जाणे, तिनं ते उचललं. हातात धरून राहिली. पिल्लं पाण्यात गोल फिरली. मग परत वळली.

गारठ्यात कुडकुडत आले. आयलर्टनं त्याचा स्वेटर देऊ केला. घेतला नाही.

२४ डिसेंबर

ताईला फोन केला. बरोबर सहाला, तरी वाजत राहिला. आयलर्ट म्हणतो ती बरी आहे, एका काठीवर चालते.

१८ मे, पुढचं वर्ष

आज दिवसभर एकही कपडा धुतला नाही.

१४ मे, त्याच्या पुढचं वर्ष

बरोबर सहाला फोन. जवळजवळ दोन वर्षांनी तिचा आवाज. कशी आहेस नाही, काही नाही.

"एकतीस," ताई म्हणाली. "खरे. आणि पायरीखाली एक नवी बसली आहे. उजव्या पायाचा पडदा फाटलेला."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तुझं जॅकेट मी रोज घालते. फार वास मारतंय आता. ये. आणि येताना साबण आणू नकोस."