कार्डावरचा माणूस

९ मार्च

नाही म्हणाले. रक्तगट जुळला, बाकीच्या सगळ्या तपासण्या जुळल्या, डॉक्टरांनी पाठ थोपटली – आणि प्रत्यारोपण समितीच्या माणसाने कॉम्प्युटरकडे बघून सांगितलं, तुम्हाला बहिणीला किडनी देता येणार नाही, तुमची उजवी आधीच काढलेली आहे. तीन वर्षांपूर्वी. गाठ होती म्हणे, कॅन्सरची.

मी शर्ट वर केला. टाका नाही, वण नाही. माणूस सभ्य, त्याने मान दुसरीकडे वळवली.

ताई म्हणाली, "अहो, तुमच्याच मशीनमध्ये फोटो काढलाय. दोन दिसतात ना?"

"दिसतात, तिथेच तर अडलंय. एक दिसली असती तर आजाराचं कारण देऊन नाकारलं असतं. दोन आहेत म्हणजे या कार्डावरचा माणूस हे नाहीत. मग हे कोण?"

कोण ते ताईने त्याला सांगितलं. धाकटा भाऊ, नववीत शाळा सोडली, पायाला भिंगरी, बापाच्या आजारपणातही फिरकला नाही, आयुष्यात पहिल्यांदा घरच्या कामाला येतोय तर तुम्ही अडवताय. तो म्हणाला, "बाई, मी समजू शकतो." समजून काय करणार ते बोलला नाही.

गाडी तिनेच चालवली. तिची स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल आहे. डायलिसिसहून आली तरी स्टिअरिंग दुसऱ्याला देत नाही. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाली, "भिंगऱ्या, खरं सांग. कुठे विकून तर आला नाहीस?"

मी हसलो. ती नाही हसली.

११ मार्च

भावोजींनी शोध लावला – फुकट कायदेशीर सल्ला केंद्र. खाली लाँड्री, वर केंद्र. लाँड्रीतल्या वाफेने फरशी गरम असते, चपला काढल्या तर बरं वाटतं. बाकावर सगळे माझ्यासारखेच, माहिती चोरीला गेलेले. एका आजोबांच्या नावावर कुणी तरी लग्न केलंय. शेजारी आजी बसलेल्या. "निदान मुलगी कशी आहे ते तरी विचारा," म्हणत होत्या. आजोबा म्हणाले, "तू गप गं, इथे माझी पेन्शन अडकलीय." आजी गप्प बसल्या नाहीत. ऐकण्याच्या नादात माझा नंबर पुकारलेला कळलाच नाही.

वकीलबाईंना सर्दी. बोलताना मधेच रुमाल.

"तुम्ही कधी आरोग्य विमा काढला होता?"

नाही म्हणणार होतो. मग आठवलं. सफरचंदाच्या बागेत तोडणीला होतो तेव्हा मुकादमाने सगळ्यांना ओळीत उभं केलं, ओळखकार्डांचे फोटो काढले, बोटांचे ठसे घेतले आणि विम्याबरोबर एकेक जोडी गमबूट दिले. मी तर बुटांसाठीच ओळीत राहिलो. विमा दरवर्षी मजूर खात्याकडून आपोआप चालू राहतो हे आज कळलं. मी कधी आजारी पडलो नाही, कधी वापरला नाही.

"अशीच कार्डं लागतात या चोरांना," बाई म्हणाल्या. "स्वच्छ खातं, मालकाचं लक्ष नाही. त्या विमा कंपनीतून माहिती फुटली, तुमचं कार्ड कुणीतरी विकलं, कुणीतरी घेतलं. त्यावर उपचार केले. फोटो आणि ठसे स्वतःचे भरून घेतले."

पुरवणी तपासणी वगैरे काहीतरी म्हणाल्या. माझं लक्ष पंख्याकडे. त्याचं एक पातं सुतळीने बांधलं होतं आणि तरी तो फिरत होता.

१२ मार्च

ताईच्या हाताची शीर आज मिळेना. नर्सने चारदा टोचलं. ताई तिलाच शिकवत होती, "घाई नको, आरसा बघ, मग वळ."

१६ मार्च

विमा कंपनीचं उत्तर आलं. वकीलबाईंनी दोनदा वाचून दाखवलं तेव्हा डोक्यात शिरलं. ती फाईल माझी नाही असं मी म्हणतो. माझी नसेल तर ती परक्या रुग्णाची, म्हणून मला दाखवता येत नाही. न दाखवता त्यातलं काय चूक ते मी सांगायचं. आणि माझीच आहे म्हणालो तर लगेच देतील – पण मग गाठ माझी, कॅन्सर माझा, आणि ताईला किडनी नाही.

"असं कसं असू शकतं?" भावोजी.

"असंच असतं," वकीलबाई शिंकत म्हणाल्या. "कोर्टातून हुकूम आणू. तोवर तुम्ही काही करू नका. अगदी काही म्हणजे काही. जमेल?"

ताई म्हणाली, "काही न करणं त्याला छान जमतं. एका जागी बसून जमेल का, ते विचारा."

ऑपरेशनची तारीख समितीने महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलीय. त्यानंतर रांगेतल्या पुढच्या माणसाला.

१८ मार्च

त्या माणसाची किडनी काढली त्या दिवशी मी कुठे होतो ते सिद्ध करायचंय. कुठे होतो ते मला नीट माहीत आहे. एका फेरीबोटीला रंग लावत होतो. वरचा पट्टा निळा, आणि बोटीचा तांडेल टकला, स्वतःचं डोकं दाखवून म्हणायचा, "असा गुळगुळीत पाहिजे." दुपारी आम्ही दोरखंडांवर झोपायचो. डांबराच्या वासाने झोप छान लागते. तिथला एक कुत्रा –

बाई विचारतात पुरावा काय. पगार हातात. खोली नाही, दोरखंडांवर झोपायचो. फोन पाण्यात पडलेला. कुठे नाव नाही, कुठे सही नाही. याचाच मला फार तोरा होता.

"तुमचा राग मला कळतो," त्या म्हणाल्या, "पण तो पुरावा म्हणून जोडता येत नाही. त्या तांडेलाला शोधा."

टकला तांडेल. नावसुद्धा विचारलं नव्हतं.

२१ मार्च

गेलो. घरी बसवेना. विमा कंपनीच्या पत्रात नाव होतं, बस पकडली आणि त्या गावच्या हॉस्पिटलात गेलो, जिथे 'मी' उपचार घेतो. खिडकीवर माझं कार्ड टाकलं आणि म्हटलं, माझी फाईल द्या. मुलीने विचारलं, तुम्हीच ना? मी म्हटलं, मीच. तिने कागद पुढे सरकवला, मी सही केली, तिने फाईल दिली. पाच मिनिटांचं काम. एवढ्यासाठी कोर्ट कशाला हवं?

बागेत बसून उघडली. पहिल्या पानावर त्याचा फोटो. केस नीट विंचरलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. माझ्याहून थोडा मोठा असावा. तीन वर्षं एकच पत्ता. एकही तारीख चुकवलेली नाही. डॉक्टरांनी एका ठिकाणी लिहिलंय, 'रुग्ण शांत, सहकार्य करतो.' माझ्याबद्दल असं कुणी कधी लिहिलं नव्हतं. शिव्या द्यायच्या म्हणून आलो होतो, पण फोटोकडे बघून एकही तोंडात येईना. फुफ्फुसात पसरलंय असं शेवटच्या पानावर.

परतताना चुकीच्या बसमध्ये बसलो.

२२ मार्च

वकीलबाईंपुढे फाईल ठेवली. शाबासकी मिळेल असं खरंच वाटत होतं.

त्यांनी रुमाल बाजूला ठेवला. "मिळाली कशी?"

सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही लिहून दिलंत की हा रुग्ण तुम्हीच. आम्ही दहा दिवस सांगतोय हा माणूस दुसरा, आणि तुम्ही सही करून आलात की मीच तो."

"मग खोडा ना ती."

"सही खोडता येत नाही हो."

ताई दारात उभी होती. तिने ऐकलं. मला वाटलं झापेल. ती नुसती म्हणाली, "चल, जेवून घे." त्याने जास्त लागलं.

२५ मार्च

ताईच्या छातीत पाणी. रात्रभर उशीला टेकून बसली होती. भाची कॉलेजला गेली नाही. "मामा, मी देऊ का माझी?" म्हणाली. ताईने आतून ओरडून सांगितलं, "पोरीचं नाव काढलंत तर दोघांना घराबाहेर काढीन." दम लागला तिला एवढं बोलून.

डॉक्टर म्हणतात, लवकर. हे आम्हालाही कळतं.

२७ मार्च

तांडेल सापडला! भावोजींनी बंदरातल्या तीन डिझेल पंपांवर फोन केले, बाकी काही नाही. त्याने ओळखलं मला आवाजावरून. "कामचोर! निळा पट्टा वाकडा मारून पळालास तो?" मी म्हटलं, हो तोच. असं कुणी आपल्याला ओळखलं की काय वाटतं ते लिहिता येत नाही. बोटीच्या रंगकामाचे फोटो आहेत त्याच्याकडे, तारखेसकट, एकात मी तोंड वाकडं करून उभा. तो येतो म्हणाला साक्षीला, येण्याजाण्याचं भाडं द्या फक्त.

वकीलबाई पहिल्यांदा हसल्या. फाईलवरच्या सहीचं काय ते त्या बघतील. तज्ज्ञाकडून ठसे जुळवून घेऊ म्हणाल्या, त्या फाईलमधल्या माणसाचे आणि माझे, समोरासमोर. त्यालाही हजर व्हायला नोटीस गेलीय. सोमवारी सुनावणी. समिती तारीख तोवर धरून ठेवतेय.

ताईने अर्धी पोळी खाल्ली. मला म्हणाली, "उद्या दाढी कर. न्यायाधीशासमोर माणसासारखा उभा राहा."

२९ मार्च

सुनावणी नाही. तो कार्डावरचा माणूस परवा गेला. मृत्यूची नोंद माझ्या नावावर, माझ्या नंबरवर झाली, कार्ड बंद पडलं आणि समितीने आज सकाळीच ताईची तारीख पुढच्या माणसाला दिली. मेलेला माणूस अर्ज करू शकत नाही, आणि माझा अर्ज त्याच कार्डावर आहे. वकीलबाई म्हणतात आता दावा नोंद करणाऱ्यावर लावावा लागेल, म्हणजे त्याच्या बायकोवर. त्यांनी तिला फोन लावला, मी शेजारी बसलो होतो, आवाज ऐकू येत होता. बाईंनी विचारलं, तुमच्या मिस्टरांचं खरं नाव काय होतं?

ती म्हणाली, "खरं म्हणजे?" आणि माझं नाव सांगून रडायला लागली.