खोक्याने पुकारलेली नावं

सोमवार, ३ नोव्हेंबर
काल चामटोलीहून अंबरनाथला नातीकडे राहायला आले. धाकटी जाऊ कौसा रिक्षापर्यंत सोडायला आली आणि माझ्याआधी तीच रडली. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि राजसी लिहिते. तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारायचं नाही, नाहीतर मास्तरणीची रोजनिशी व्हायची. घर झकास आहे. लिफ्ट आहे, गॅलरी आहे आणि हॉलमध्ये जावई आहे. म्हणजे एक काळं खोकं. राजसीच्या कंपनीची माणसं इथे, पुण्याला आणि वापीला बसून एकाच फोनवर मीटिंग करणार, त्याचा हा सर्व्हर. कारखान्यात त्याची खोली तयार होतेय, तोवर चाचणी घरी. त्याला एसी हवा, बॅटरी हवी, धूळ चालत नाही. त्याला कुठे बसवायचं, वायर कुठून न्यायची, याचे राजसी नकाशे काढते. एवढी बडदास्त माझ्या लग्नात नवरदेवाचीही नव्हती.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मला नोकरी लागली! खोक्याला कामगारांशी मराठीत बोलायला आवाज हवा होता. राजसी म्हणाली, आजी, तूच बोल. मी बोलले: आलात का? थांबा, बाकीचे येतायत. मग कंपनीतल्या सगळ्यांची नावं भरून घेतली. फोनवर कोणी नाव सांगून आत आलं की खोकं माझ्या आवाजात त्याला पुकारणार. वायरवाला रघू चहा पिताना म्हणाला, मावशी, आता तुम्ही साहेबापेक्षा मोठ्या. मी म्हटलं, मग उद्यापासून शर्टाची बटणं लावून यायचं.

सोमवार, १० नोव्हेंबर
तोंड लपवावंसं वाटतंय. आज पहिली मोठी चाचणी होती. खोक्याने रघूला पुकारलं, इतरांना पुकारलं. मग राजसीच्या कंपनीच्या महेशसाहेबांना पुकारलं आणि माझ्याच आवाजात पुढे म्हणालं, केसांचा टोप सरळ करा, वाकडा बसलाय. पुण्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. देवाशपथ, मी हे भरलं नव्हतं. साहेब घरी आले होते तेव्हा मनात आलं होतं, एवढंच. राजसी ओरडली नाही. नुसतं म्हणाली, आजी, का गं? जन्मभर लोकांची थट्टा केली, आता माझं खरं कोण मानणार?

बुधवार, १२ नोव्हेंबर
वायर जोडायला एक माणूस आला. मला मावशी म्हणाला. चेहरा रोजचा, पण नाव आठवेना. मान खाली घालून चहा दिला. राजसीने नाव सांगितलं, तर दूरच्या गावाचं ऐकावं तसं वाटलं. मी म्हटलं, ते इथे घालू नकोस, मी बोलते तेवढंच लिही. त्या टोपवाल्या साहेबाचंही गेलंय. खोक्याने ज्यांना पुकारलं, त्यांचीच जातायत.

शनिवार, १५ नोव्हेंबर
खोकं बंद होतं. वायर काढलेली. दुपारी मी भाजी निवडत होते आणि हॉलमधून माझा आवाज आला. माझ्या धाकट्या जावेला हाक मारली, नाव घेऊन. ते कधी भरलंच नव्हतं. राजसीनेही ऐकलं. आता मानते मला. पण मानून काय? एका चुलीवर संसार केला आम्ही दोघींनी, आणि तिचं नाव —

सोमवार, १७ नोव्हेंबर
नवऱ्याचं नाव मी कधी नुसतं घेतलं नाही. उखाण्यातच काय ते. खोक्याने आज ढळढळीत घेतलं, माझ्या आवाजात. लाजेने पदर ओढला. आता उखाणा येतो, चांदीच्या ताटात ठेवला पेढा, आणि पुढे —
सगळी गेली तरी चालतील. राजसी तेवढी राहू दे. ती म्हणते, उद्या तुझा आवाज पुसून टाकते. पण पुसायला तिलाच फोन लावून आत जावं लागतं. मी हात जोडले, नाव सांगू नकोस. म्हणाली, नाही सांगणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
तिने वायर जोडून फोन लावला. नाव सांगितलं नाही. तोंडावर हात ठेवून उभी होती.
खोकं हसलं. माझं हसू. मग लाडाने — आलीस का, बाय — आणि पुढे तिचं —
मी कान दाबले. तरी —

मंगळवार, संध्याकाळ
समोर एक पोर बसलीय. लिहितेय. डोळे पुसतेय. मला आजी म्हणते.
विचारायची लाज वाटते. इतकं माझं करतेय, आणि मी —
बाय, रागावू नकोस, तू कोणाची —