तुझ्या नावाचं कुलूप

प्रिय अरविंद,

काल, मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता आपल्या सोसायटीमागच्या टेकडीला कुलूप लागलं. तुझ्या नावाने! म्हणून तुलाच लिहिते आहे. जिवंत माणसांना सांगून झालं.

कुंपणावर पाटी आहे, ‘अरविंद स्मृतिवन’. आत खड्डे, खड्ड्यांत रोपं. आणि तुझा हिवर? तोडला. काटे टोचतात म्हणे. मला कळलं तेव्हा बुंधाच उरला होता.

“काकू, व्ह्यू बघा किती क्लीन झाला!” सेक्रेटरी म्हणाला. “सर नेहमी सांगायचे ना, टेकडी जपा?” वर मला शाल दिली. लोकरीची! मेंढ्यांना हाकलून लोकरीची शाल.

टेकडीचा उपयोग काय, असं मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा पटापट हात वर झाले होते. शुद्ध हवा. मॉर्निंग वॉक. एकीला तर फ्लॅटचा भाव आठवला. मी म्हटलं, तिथे मेंढ्या चरतात. सगळे हसले, म्हातारीच्या विनोदाला हसतात तसे, अगदी प्रेमाने.

राग तुझ्यावरही आहे. दर मीटिंगला ‘टेकडी जपा’ म्हणून खाली बसायचास. कोणासाठी जपा, हे सांगायला काय जीभ झिजली असती?

दिवाळी सरली की भागू धनगरणीचा कळप कोकणात उतरताना इथे थांबायचा, आठवतं? तिचा नवरा काठीच्या आकडीने हिवराची डहाळी वाकवायचा, शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहायच्या. आणि तू, बँकेतला एवढा ऑफिसर, पँटला लेंड्या लागेपर्यंत त्या सावलीत बसून त्यांचा चहा प्यायचास.

“सायेब, कापडाला वास लागंल.”

“लागू दे, भागूबाई. घरी ओरडायला काहीतरी कारण नको का?”

मी ओरडायचेही.

आज सकाळी ती आली. कळप रस्त्यावर, मागे गाड्यांचे हॉर्न. वॉचमनने तिला पाटी वाचून दाखवली. मी फाटकापाशीच होते, ती माझ्याकडे वळली.

“बाई, सायबांनीच बंद केलं व्हय?”

मला एक शब्द सुचला नाही, अरविंद. मला! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सना माझं तोंड कधी मिटवता आलं नाही, ते आज मिटलं.

“असू द्या,” तीच म्हणाली. “सायेब चांगला माणूस हुता.” आणि कळप हायवेकडे वळवला.

ते कुंपण मला हलवता येत नाही. कोणी ऐकत नाही, गुडघे तर मुळीच नाहीत. पण त्या पाटीवरचं तुझं नाव मी खरवडून काढणार. स्टूल नेईन, नाहीतर वॉचमनची खुर्ची. वचन देते.

त्यापुढे काय करायचं, ते तू सांग. कळप परतेल तेव्हा भागूबाई पुन्हा तेच विचारेल. तिला काय उत्तर देऊ? अक्षय्य तृतीयेच्या आत कळव. लेखी. वारल्याची सबब चालणार नाही.

तुझीच,
नलिनी