पोस्नो खा, म्हणाली डॉक्टरीण

२१ नोव्हेंबर, मंगळवार
ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी. डॉक्टरीण नवी. हडकुळी, आवाज सुईसारखा. माझं वजन एकशे चोवीस. काट्याकडे बघून तिची जी भुवई वर गेली ती मी बाहेर पडेपर्यंत खाली आली नाही. म्हणे, दहा किलो उतरवा, नाहीतर जानेवारीत कागदावर सही मिळणार नाही. सही नाही म्हणजे बस नाही. वर शिकवणी: आत जातं जास्त, जळतं कमी, उरलेलं पोटावर बसतं. मी म्हटलं, बाई, बावीस वर्षं वाल्येवो-ओसेचिना चालवतोय, वळणावळणाचा रस्ता, स्टिअरिंग ओढताना काहीच जळत नाही का? म्हणे, पॉवर स्टिअरिंग आहे ना? बसूनच असता ना दिवसभर? मग शरीर मागणार किती.
आगाऊ बाई.
शेवटी निघालं काय, तर पोस्नो खा आणि रोज चाला. पोस्नो म्हणजे उपासाचं, हे शेंबड्या पोराला कळतं. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. एवढंच सांगायचं होतं तर माझं डोकं कशाला खाल्लं? नाताळचा उपास आठवड्यावर आलाय. सगळे करतात, मीही करीन. दहा काय, पंधरा उतरवून तिच्या टेबलावर आपटतो.

२२ नोव्हेंबर
डेपोत बातमी आधीच पोचलेली. वितोमिर, आमचा डिस्पॅचर, कुजकट माणूस. म्हणे, रादोये, घाबरू नकोस, सही नाही झाली तर तिकीट खिडकीत जागा आहे, माझ्या हाताखाली, हीटरही आहे. आणि दात दाखवले. बस रात्री माझ्या दाराशी उभी असते, पहाटे मी ती गावातून काढतो, हे त्याला बावीस वर्षं खुपतंय. त्याच्या हीटरशेजारी बसण्यापेक्षा मी उपाशी मरीन.

२७ नोव्हेंबर
उद्यापासून उपास. फ्रीजमधलं आज संपवणं भाग होतं. अर्धा किलो सॉसेज, काल आणलेले डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, कायमाक, म्हणजे खारवलेली साय, वाटीभर. अन्न टाकणं पाप आहे. ल्युबिन्का म्हणाली, थोडं मलाही राहू दे. बायकोला माझ्या अडचणी कळत नाहीत.

२८ नोव्हेंबर
उपास सुरू. बेकरीत 'पोस्नो' लिहिलेलं शेल्फ मांसाच्या शेल्फापेक्षा लांब निघालं. उगाच घाबरलो होतो. बटाट्याचे पापुद्रेदार बुरेक दोन, अक्रोडाचा रोल एक, जामचे क्रॉसाँ. सगळ्यावर चिठ्ठी होती, वाचून घेतलं. मी काटेकोर माणूस आहे. संध्याकाळी ल्युबिन्काने भाजलेला राजमा केला, कांद्यात आणि तेलात. उपासात तेल चालतं असा दिवस होता, चर्चच्या कॅलेंडरवर छापलंय. पाव बुडवून खाल्ला. ल्युबिन्काच्या डोळ्यांत पाणी, तिला वाटतंय मला देव आठवला. वाटू दे.

३ डिसेंबर
एकशे सव्वीस. काटा बिघडलाय. न्हाणीघरातली फरशी उतरती आहे, म्हणून स्वयंपाकघरात नेला. तिथेही सव्वीस. बाल्कनीत नेला. साडेसव्वीस. थंडीत स्प्रिंग आखडते. काटा कपाटावर टाकला. माणसाला स्वतःचं शरीर कळतं, आणि माझं शरीर हलकं वाटतंय. विशेषतः सकाळी.

६ डिसेंबर
एक प्रवासी सीटवर पेपर विसरला. आरोग्याचं पान. थंडी वाजली की शरीर ऊब धरायला जास्त जाळतं. राग आला की नाडी वाढते, तेव्हाही जास्त जाळतं. म्हणजे जेवणाशी झगडायची गरजच नाही, खर्च वाढवला की झालं. हे त्या बाईने मला सांगितलं नाही. मुद्दाम. तिला मी खिडकीत बसलेला हवाय, ती वितोमिरच्या नात्यातली असणार.
निश्चय: १) थंडी. २) राग. चालणं नंतर बघू, रस्त्यावर बर्फ आहे.

८ डिसेंबर
थंडीचा प्रयोग. माझी खिडकी उघडली, आणि वारा खेळावा म्हणून मागचीही. दुसऱ्या वळणाला बसमध्ये दंगल. सगळ्या बायका ओरडायला लागल्या, झोत लागतोय, मूत्रपिंडं धरतील, मान आखडेल. एक आजी म्हणाली, तिचा मेव्हणा अशाच झोताने गेला. मी म्हटलं, तुमचा मेव्हणा राकिया पिऊन गेला, मी ओळखत होतो त्याला. मग ती रडायला लागली. सगळी बस तिच्या बाजूने. खिडक्या बंद कराव्या लागल्या. पण भांडणात घाम आला तो आला. दोन्ही प्रयोग एकाच फेरीत.

११ डिसेंबर
राग सोपा आहे. मला तो आणावा लागत नाही. सकाळी सुट्टे पैसे नसणाऱ्याशी, दुपारी पाय पुढच्या सीटवर ठेवणाऱ्या विद्यार्थ्याशी, संध्याकाळी ल्युबिन्काशी. ती म्हणाली, अरे उपासात तोंडही सांभाळायचं असतं. मी म्हटलं, डॉक्टरांचा सल्ला आहे. ती म्हणाली, तू उपास करत नाहीयेस, उपास खातोयस. यावर आणखी भांडलो. नंतर फार भूक लागली, म्हणजे चांगलंच जळलं असणार. तिळाचा हलवा खाल्ला. पोस्नो आहे.

१९ डिसेंबर
संत निकोला, आमच्या घराण्याची स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण. उपासात येते म्हणून सगळं उपासाचंच: तळलेला मासा, माशाचा रस्सा, राजमा, भरल्या मिरच्या, अक्रोडाचा केक. केकात लोण्याऐवजी मार्गरिन. राकियाही पोस्नो, आलुबुखारच ते.
स्लावेला बोलावणं नसतं, येईल त्याला बसवायचं. वितोमिर आला. आजवर कधी आला नव्हता. केकाचा दुसरा तुकडा घेत म्हणाला, खिडकीतली खुर्ची बघितली, भक्कम आहे. माझ्या घरात, माझ्या संतासमोर. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो निघून गेला, त्याच्यामागे आणखी चौघे. स्लावेला आलेला पाहुणा आमच्या घरातून ताटावरून उठून गेला नव्हता कधी, असं ल्युबिन्का म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. पाहुणे गेल्यावर उरलेला केक कोणी खायचा? मीच.
रागाचा हिशोब केला तर आजचा दिवस वजा जाणार.

२८ डिसेंबर
गणवेशाची पँट आटली. ल्युबिन्का म्हणते ती गरम पाण्यात धूतच नाही. मग साबण. तिने नवा साबण आणलाय, कबूल करत नाही. बोलतही नाही फारशी. तिचा उपास माझ्यासारखाच चाललाय आणि ती काडीसारखी झालीय. सूप आणि सफरचंद खाते. हा देवाचा उपास नव्हे, दिखाऊपणा.

७ जानेवारी, नाताळ
जुन्या कॅलेंडरप्रमाणे आमचा नाताळ आज, उपास संपला. एकही चूक केली नाही. चीजचा तुकडासुद्धा नाही. पाद्री बाबाने खांद्यावर हात ठेवला, मला भरून आलं. डुकराचं पिलू भाजलेलं, कातडी अशी की सुरी लावली की आवाज. इतके दिवस शरीराला तोडलं, आता एक दिवस त्याचंही ऐकायला हवं. तपासणी पुढच्या सोमवारी. उतरलेलं वजन एका पिलाने परत येत नाही.

१५ जानेवारी, सोमवार
एकशे एकतीस.
मी म्हटलं, तुमचा काटा. तिने दुसरा आणला. एकशे एकतीस. म्हणे, काय खात होतात? मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत ते, पोस्नो. अक्षरशः पोस्नो. आणि यादी सांगितली, अभिमानाने. बुरेक, रोल, हलवा, केक. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, रादोये, पोस्नो म्हणजे बिनचरबीचं. हलकं. कोंबडीचा तुकडा, दही, भाजी. मी डॉक्टर आहे, पाद्री नाही. तुम्ही रोज वाटीभर तेल आणि अर्धा किलो पीठ खात होतात, आणि बसून होतात.
मी म्हटलं, शब्द एकच आहे. म्हणाली, हो, शब्द एकच आहे. मी म्हटलं, मग चूक तुमची, नीट सांगायचं. म्हणाली, चालायलाही सांगितलं होतं, त्याचे किती अर्थ होतात? शिष्ट.
मग भांडणांचं सांगितलं, ते तरी धरा म्हटलं. तिने हाताला पट्टा बांधला. रक्तदाब वाढलाय म्हणे, भांडणांनी वाढलं ते तेवढंच. सही केली नाही. यावेळी भुवईही वर केली नाही, ते जास्त लागलं. पट्टा सोडताना म्हणाली, घरी कोणी आहे ना तुमच्याबरोबर? म्हटलं, आहे.
तक्रार करणार आहे. भाषेच्या निष्काळजीपणाबद्दल.

१७ जानेवारी
तक्रार लिहायला बसलो. ल्युबिन्काला म्हटलं, तू साक्ष दे. म्हणाली, देते, सगळं सांगते. मग लिहिली नाही.
बस संध्याकाळी नेली डेपोवाल्यांनी. मी बाहेर गेलो नाही. आवाजावरून कळलं, नवा माणूस क्लच फार वेळ दाबून धरतो.

२२ जानेवारी, सोमवार
खिडकीतला पहिला दिवस. जायला गावातल्या थांब्यावर उभा राहिलो, इतर लोक राहतात तसा. बस आली ती भरलेली. सगळे ओळखीचे, सगळ्यांशी माझं कधी ना कधी वाजलेलं. दांडा धरून उभा राहिलो. सांगून टाकणार होतो की हे तात्पुरतं आहे, वसंतात मी परत येतोय, पण चढ लागला आणि दम लागला.
तेवढ्यात पुढच्या सीटवरची एक म्हातारी काठी टेकत उठली. म्हणाली, बस बाळा, तुला उभं राहवत नाहीये.
नको म्हणणार होतो. बसलो.