सात ते सात-दोन

३ मार्च, मंगळवार

सात वाजून चार सेकंद. दिसला! स्क्रीनवर बारीक, सरळ रेघ. बरोबर दोन मिनिटं, मग बंद. चार सेकंद दादाच्या घड्याळाचे की माझ्या, यावर तो परतला की भांडण होणार.

गच्चीवरची तार तीन हात वर ताणली त्याचा उपयोग झाला. खरखर निम्मी झाली.

दुकानात वजनकाटा दुरुस्तीला घेऊन आलेल्या एकाने विचारलं, हा कसला छंद? सांगितलं त्याला. समुद्रात टाकलेलं जाळं परत सापडावं म्हणून त्याला बोया बांधतात, तो रेडिओवर सूर सोडतो. माझा भाऊ मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतो. तिथे फोन चालत नाही. म्हणून तो रोज सातला जुन्या बोयाची किल्ली दोन मिनिटं फिरवतो आणि मी घरी अंगठ्याएवढ्या रिसीव्हरवर त्याला पकडतो; तो सूर कॉम्प्युटरवर रेघ होऊन दिसतो. माणूस म्हणाला, "आणि बोलता काय?" काहीच नाही! दिसला म्हणजे झालं.

वहिनीचं नेहमीचं — "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." पण सातला कणकेच्या हातांनी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहतेच.

४ मार्च

दिसला.

५ मार्च, गुरुवार

दुपारपासून वारा. सहाला गच्चीवरची तार खांबासकट खाली. शेजारच्यांची पाण्याची टाकीही उडाली. वहिनीला म्हटलं, तार पडलीय म्हणून रेघ नाही. तेवढ्याचसाठी, दुसरं काही समजू नकोस.

७ मार्च, शनिवार

बोट कुणाच्या हाकेला उत्तर देत नाहीये. बंदर कार्यालयातल्या साहेबांनी बसवून पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच समजलो. पाच माणसं. शोध चालू आहे.

८ मार्च, रविवार

खांब पुन्हा उभा करेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. दोनदा पाना खाली पडला. रोज पावणेसात ते सव्वासात आपोआप रेकॉर्ड व्हावं असं कॉम्प्युटरला लावून ठेवलं. मी दुकानात अडकलो तरी चुकायला नको.

वहिनीने दादाचा घरी ठेवलेला फोन कपाटातून काढला. "आल्या आल्या मागतील." फुटपाथवरून नवा चार्जर आणलाय.

९ मार्च, सोमवार

आली! सातच्या जरा आधी आली, आणि जाड आहे, थरथरते आहे, पण स्क्रीनवरची जागा तीच! वहिनीला हाक मारली. ती रडली, मग उठून जेवली. चार दिवसांनी जेवली. मीही.

१० मार्च

साहेब आधी ऐकेनात. "घरबसल्या तुम्हाला सापडतं, आणि आमच्या बोटींना नाही?" पण शेवटी दोन बोटी पुन्हा शोधायला पाठवल्या. देव त्यांचं भलं करो.

१३ मार्च, शुक्रवार

काही नाही. रेघ रोज येते, आणि समुद्रात काही नाही.

साहेब म्हणाले, "समुद्र म्हणजे काय तुमची गच्ची आहे? दिशा सांगा, दिशा!" बरोबर आहे. ताणलेल्या तारेला दिशा कळत नाही. लाकडी चौकटीवर तार गुंडाळून फिरता ॲन्टेना करायला घेतलाय. तो फिरवायचा, आवाज जिथे मरतो तिथून दिशा काढायची. दुकान बंद ठेवलं.

१५ मार्च, रविवार

चौकट संध्याकाळी उशिरा पुरी झाली. सात होऊन गेले होते. रेघ होतीच — हल्ली दहापर्यंत असते. तेव्हाच खटकायला हवं होतं, दादा दोन मिनिटांवर कधी गेला नाही. मी मनाला समजावलं, संकटात माणूस चालूच ठेवेल.

चौकट फिरवली. समुद्राकडे नाही. उलट्या बाजूला. घराच्या आत. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

मास्तरांना फोन केला — आमच्या रेडिओवाल्यांच्या गटात चाळीस वर्षं ॲन्टेना बांधणारा एकच माणूस. म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. मेन स्विच पाड, रिसीव्हर बॅटरीवर चालव, आणि बघ." साडेआठला मेन पाडला. स्क्रीन कोरी झाली. मेन चढवला, आली. मग खोलीखोलीतून एकेक प्लग काढत गेलो. वहिनीच्या खोलीत थांबलो.

ती कामावरून साडेसहाला येते. हातपाय धुते. दादाचा फोन चार्जिंगला लावते.

फुटपाथवरच्या त्या चार्जरचं बटण बंद केलं; त्याची खरखर थांबली, रेघ गेली. तीच बघत होती माझ्याकडे. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस ती मीच होते का, भाऊजी?"

तिने चार्जर काढला, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

१६ मार्च, सोमवार

सकाळी दहाला साहेबांना फोन केला. म्हटलं, चूक माझी. चार्जर होता. बोटी परत बोलवा.

शिव्या देतील असं वाटलं होतं. म्हणाले, "बरं झालं स्वतः सांगितलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं." फार मायेने बोलले. दुपारी शोध थांबवल्याचं पत्र आलं. बाकीच्या चौघांच्या घरीही गेलं. त्या घरांनाही माझ्यामुळेच सात दिवस आशा लागली होती. आता कुठल्या तोंडाने जायचं त्यांच्याकडे?

वहिनीने पत्र घडी करून चार्जरच्या शेजारी ठेवलं.

१७ मार्च

सातला त्या खोलीत बसवेना. बाहेर पडलो. बसथांब्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

१८ मार्च, बुधवार

आजही बाहेरच. मास्तरांचा फोन — "पोरा, प्रत्येकाच्या हातून होतं. मी एकदा फ्रीजला उपग्रह समजलो होतो." हसलो मी. हसलो म्हणून स्वतःची लाज वाटली.

उद्या सगळं उतरवतो. तार, चौकट, रिसीव्हर. रेकॉर्डिंगही पुसून टाकतो. वीस वर्षांचा छंद गेला खड्ड्यात.

१९ मार्च, गुरुवार

पुसण्याआधी नऊ तारखेचं रेकॉर्डिंग उघडलं. शेवटचं एकदा, मोठं करून. चार्जरच्या जाड पट्ट्याच्या पोटात एक बारीक रेघ आहे. सरळ. सात वाजून चार सेकंद ते सात-दोन.

दहाचं उघडलं. आहे. अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा — आहे, सगळीकडे आहे. मेन मी साडेआठला पाडला. सातला पाडला असता तर ती एकटीच उरली असती.

कॉम्प्युटरचं रेकॉर्डिंग बंद करायचं राहूनच गेलं होतं. सोळाची रेघ लख्ख आहे. चार्जर नाही, काही नाही, कोऱ्या स्क्रीनवर ती एकटी. सतराची चाळीस सेकंदांत तुटते.

कालची नाही.

वहिनी कामावर गेलीय. साडेसहाला येईल. बोटी मी सोमवारी परत बोलावल्या.