रिकाम्या डिफरन्शियलची गळती

आदरणीय साडूभाऊ,

साष्टांग वगैरे तुम्हाला रुचत नाही, म्हणून साधाच नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईंचा खोकला कसा आहे? आम्ही इकडे ठणठणीत आहोत, निदान शरीराने. सासरेबुवांच्या माघारी त्यांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं, पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन येता आणि जाताना सासूबाईंनाही तुमच्याकडे राहायला नेता, हे वाचून बरं वाटलं. (सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. रोज दुपारी त्या गॅरेजमध्ये गाडीपाशी जाऊन बसतात. तिथे हा विषय काढायला तोंड उघडत नाही.) गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर गिऱ्हाईक पळेल, तेवढी गळती बघून ठेवा, असं तुम्ही लिहिलंत. मी बघितली. आता न बघितल्यासारखं करता येत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, डिफरन्शियल, त्याला दोन बोल्ट. खालचा सोडला की जुनं तेल बाहेर येतं. मग वरच्या भोकातून नवं भरायचं, आणि ते भोकाच्या काठाशी आलं की पुरे. कोणताही शहाणा माणूस आधी वरचा बोल्ट सुटतो का ते बघतो. मी आधी खालचा सोडला. कुजक्या अंड्याच्या वासाचं ते काळंकुट्ट तेल शेवटच्या थेंबापर्यंत टबात घेतलं, खालचा बोल्ट नीट आवळला, आणि मग वरचा सुटेना. पाना घसरून बोल्टचे कोपरे गोल झाले, माझी बोटं सोलवटली, बोल्ट मात्र ढिम्म. थोडक्यात, गाडी कोरडीठाक आणि भरायची वाट बंद. (हे हिला बोललेलो नाही. तुम्हीही ताईंजवळ बोलू नका, म्हणजे हिला कळणार नाही.)

एका अर्थी मी निर्धास्त होतो. तेलच नाही तर गळणार काय? तरी खाली पुठ्ठा टाकून ठेवला. सकाळी पुठ्ठ्यावर डाग. आतलं उरलंसुरलं निथळलं असेल, असं म्हणून नवा पुठ्ठा टाकला, तर त्यावर आधीपेक्षा मोठा डाग, आणि तेल मधासारखं स्वच्छ, कोरं करकरीत. मग मी तो गोळा रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि त्यावर हिची टाल्कम पावडर भुरभुरली. असं केलं की तेल कुठून निघतं त्याची रेघ उमटते. रेघ उमटली, चाकाकडे तेल अडवायला रबरी सील असतं तिथपासून थेट खालपर्यंत. गळती सापडली, साडूभाऊ. फक्त गळायला आत काही असायला नको होतं. त्याच सुमाराला दुपारी वरच्या खोलीत पडलो असताना खालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज यायचा. दोनदा, आणि मग शांत. पत्रा तापला असेल, असं मी स्वतःला सांगायचो आणि कूस बदलायचो.

शेवटी नाक्यावरच्या मिस्त्रीला आणलं. बोलण्यात एकदम पटाईत माणूस, येतानाच दोन इंजिनांचे आणि एका सासऱ्याचे किस्से सांगत आला. त्याने बोल्ट तापवला, ठोकला, मोठ्या पान्याने फिरवला. बोल्ट निघाला आणि मागोमाग काठावरून तेलाची बारीक धार. त्याने आत करंगळी घालून पाहिली आणि म्हणाला, “अहो, ही तर काठोकाठ भरलेली आहे.” मी म्हटलं, ती रिकामी आहे, मी स्वतः रिकामी केली. त्याने बोल्टवरचा गंज बघितला, मग माझ्याकडे बघितलं, बोल्ट परत लावला आणि उरलेला किस्सा न सांगताच निघून गेला. त्याचा मोठा पाना अजून आमच्याकडेच आहे. निरोप धाडला तर म्हणतो, राहू द्या.

परवा दुपारी धीर करून मीच गॅरेजमध्ये डोकावलो. डिकी उघडी, सासूबाई तिच्या काठावर बसलेल्या, आणि एका रबरी नळीत नरसाळं घालून नवं तेल ओतत होत्या. डिफरन्शियलला आतली हवा सोडायला एक नळी असते. सासरेबुवांनी कधीकाळी ती लांबवून डिकीत आणली होती आणि दोघं तिच्यातूनच तेल भरत. या वर ओतणार, ते वरचा बोल्ट काढून खाली आडवे. खालून ओरडायला तोंड उघडलं की तोंडात तेल, म्हणून पुरे झालं की ते पान्याने दोनदा वाजवायचे. सासूबाईंनी हे सगळं अगदी साधेपणाने सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. तेल त्या भरत होत्या, तेलाने नळी चोंदली, आतली हवा कोंडली आणि तिने सीलमधून तेल बाहेर ढकललं. झालं, कोडं सुटलं. मी हसलोसुद्धा. हसता हसता विचारलं, “पण बोल्ट तर बंद होता, पुरे झालं हे तुम्हाला कळायचं कसं?”

“ते वाजवतात की,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी थोडं ओतलं.

खालून टक, टक.

मी गुडघ्यांवर बसून खाली पाहिलं. पुठ्ठा होता, मिस्त्री गेल्यावर मी पुन्हा भुरभुरलेली पावडर होती. पावडरीवर कोणाचीही खूण नव्हती. असती तर बरं वाटलं असतं. सासूबाईंनी नरसाळं पुसलं, डिकी लावली आणि “चला, झालं,” म्हणून आत गेल्या. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या, हिला दोनदा हसून काहीतरी सांगितलं. सासरेबुवा गेल्यापासून त्यांना इतकं निवांत मी पाहिलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती, पण त्याहून जास्त मला गलबलून आलं.

बाकी सर्व ठीक. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि माझ्यावरचा तुमचा लोभ हे वाचूनही शाबूत राहावा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. गिऱ्हाइकाला आणू नका. गळती दुरुस्त होण्यातली नाही, असं काहीही सांगा. सासूबाईंना न्यायचंच असेल तर गाडीसकट न्या.

आणखी एक. काल सासूबाई झोपल्या असताना मी एकटाच डिकीत बसून ओतून पाहिलं. वाजलं नाही. डबा संपेपर्यंत ओतलं, गॅरेजभर तेल झालं, तरी वाजलं नाही. सासरेबुवा माझ्याशी जिवंतपणीही फारसं बोलत नसत, तेव्हा रागवण्यात अर्थ नाही, पण वाईट वाटलं. तुम्ही त्यांचे लाडके जावई. आलात की एकदा ओतून बघा. तुमच्यासाठी वाजलं, तर मला सांगू नका.